सोफ्यामागचे पेशीसर

माणूस पारखण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी माणसं नेमण्याच्या खात्यात आहे. उमेदवार खुर्ची ओढून बसेपर्यंत मला कळलेलं असतं, की हा टिकणार, की पहिल्या पगारानंतर ठणठणीत आजीला आजारी पाडून घरी बसणार. मुलाखत आम्ही आपली रीत म्हणून घेतो. निकाल खुर्चीच्या आवाजावरच लागलेला असतो!

त्यामुळे चिरंजीवांच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी जीवशास्त्राचा शिक्षक बघायचा, असा विषय जेवणाच्या टेबलावर निघाला, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "ते माझ्यावर सोडा!"

"नको," बायको म्हणाली.

माझी बायको औषधांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचून तिची नजर अशी तयार झाली आहे, की माणसाच्या मनातलंही ती सहज वाचते. मात्र माझ्या मनातलं वाचून झालं की तिचं डोकं दुखतं.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. मागे तुम्ही पारखून आणलेला रंगारी आठवतोय ना?"

"तो कलावंत होता!"

"त्याने खिडकीच्या काचा रंगवल्या."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तोंडात घास होता.

"बाबा, सर शोधायचे नाहीयेत," चिरंजीव म्हणाले. "सर सापडलेत. पेशीसर!"

मग कळलं ते असं. या सरांना काहीही विचारा, ते 'मुळात पेशी घ्या' अशी सुरुवात करतात, म्हणून पोरांनी त्यांचं नाव पेशीसर ठेवलेलं. त्यांच्या हाताखालची पोरं दरवर्षी मेडिकलला लागतात. पण ते ज्या खोलीत शिकवायचे, ती मालकाने काढून घेतली आणि तिथे व्यायामशाळा थाटली. आता सर पोरांसकट रस्त्यावर! जो कोणी आपला हॉल देईल, त्याच्या मुलाला सर आपल्या तुकडीत घेणार. तुकडी भरत आलेली, जागा एकच उरलेली.

"आपला हॉल मोठा आहे," चिरंजीव म्हणाले. बोलताना त्याचा आवाज थोडा कापला. "फक्त तो सोफा काढला पाहिजे."

पोरगा लहान होता तेव्हा खेळण्यातल्या अस्वलाला सलाईन लावून उशाशी बसायचा. त्याला डॉक्टरच व्हायचंय, दुसरं काही नाही. रसायनशास्त्र पाठ, भौतिकशास्त्र तोंडपाठ. जीवशास्त्र आलं की मात्र यकृत कुठलं आणि स्वादुपिंड कुठलं, याचा त्याला पत्ता लागत नाही. मागच्या सराव परीक्षेत त्याने चक्क प्लीहा पायात दाखवली होती!

"सोफा काढू," मी उदारपणे म्हणालो. "पण सर कितीही थोर असोत, मुलाखत झाल्याशिवाय मी माझा मुलगा कुणाच्या हाती देणार नाही!"

बायकोने कपाळावर हात मारला.

आता सोफ्याबद्दल थोडं सांगतो. खऱ्या कातड्याचा, काळाभोर, आणि आडवा पडलेल्या म्हशीएवढा. मीच पारखून आणलेला. घरात आला तेव्हा चौकट काढावी लागली होती. बायकोने तो विकायचं ठरवलं, जुने सोफे घेणाऱ्या एका माणसाशी बोलून ठेवलं आणि रविवारी बघायला बोलावलं. पेशीसरांनाही रविवारचीच वेळ दिली. आणि नेमकी त्याच रविवारी तिची दुकानात पाळी आली.

सकाळी मी दाढी करत होतो. नळ सोडलेला होता. बाहेरून बायको मोठ्याने काहीतरी सांगत होती. मी गालांना फेस लावता लावता मुलाखतीचे प्रश्न म्हणून बघत होतो. त्यामुळे माझ्या कानांवर आलं ते एवढंच: "आधी ... येतील ... दाखवा ... मग ... सोफा ... सर ... आणि अजिबात बोलू नका!"

"कळलं, कळलं!" मी ओरडलो.

खरंच कळलं होतं. आधी सर. मग सोफावाला. आणि सोफावाल्याशी बोलायचं नाही, नाहीतर तो भाव पाडणार. बायकोचं वाक्य आणि माझी बुद्धी, दोन्ही मिळून हिशेब चोख लागला होता!

बेल वाजली. दार उघडलं आणि मी मनातल्या मनात त्या माणसाला पैकीच्या पैकी देऊन टाकले. काय व्यक्तिमत्त्व! भरघोस पांढऱ्या मिशा, कपाळावर चढवलेला चष्मा, खिशाला दोन पेनं, गळ्यात मोजायची फीत. प्रात्यक्षिकांवर भर दिसतोय, मी ताडलं. पेशीसर म्हणून हाक मारणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी नुसतंच म्हणालो, "या सर, या!"

'सर' ऐकून गृहस्थ जरा फुलले. पायपुसण्यावर बूट घासून आत आले.

त्याच वेळी चिरंजीव सोफ्यावर बसून मोजे घालत होते. सराव परीक्षेला निघण्याची घाई, कानांत गाणी, मान खाली. सरांनी सोफ्याकडे बोट केलं.

"हाच ना?"

"हाच!" मी अभिमानाने म्हणालो.

चिरंजीव पिशवी उचलून पळाले. जाताना कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. सर मात्र सोफ्यासमोर उभे राहून मान तिरकी करून विचारात पडले.

"किती वर्षांचा?"

"सतरा पूर्ण."

"वयाच्या मानाने बरा आहे," सर म्हणाले. "पण पाठ खचलीय. आणि एका बाजूला कलतोय."

एका नजरेत! पोरगा मोबाईल घेऊन डावीकडे कलंडतो, हे मी सतरा वर्षांत बायकोला पटवू शकलो नव्हतो!

"तुम्ही फार बारकाईने बघता," मी म्हणालो.

"धंदाच आहे आपला. किडा नाही ना लागलेला?"

"वाचनाचा? कुठलं हो सर, तेच तर दुःख आहे!"

सर हसले नाहीत. माणूस गंभीर होता. ते सोफ्यावर बसले आणि तळहाताने बैठक दाबत राहिले. बोटं सतत चाळवत राहण्याची सवय, बुद्धिमान माणसांना असते ती. मी प्रश्नांचा कागद उघडला.

"मला सांगा सर, बॉडीमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय?"

"सांगाडा!" उत्तर तयारच होतं. "सांगाडा चांगला तर सगळं चांगलं. बाकी काय, सगळं बदलता येतं."

"कातडी?"

"कातडी जातेच हो काही वर्षांत. मी नवी चढवतो."

माझ्या हातातलं पेन थबकलं. "स्वतः?"

"स्वतः. हाताने. मशीनवर घेतली की सुरकुत्या पडतात."

शिकवता शिकवता शस्त्रक्रियाही! बायकोने हे का नाही सांगितलं? मी आवाज खाली आणून विचारलं, "आणि पोट?"

"पोट मी आधी फाडून बघतो," सर मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "फाडल्याशिवाय काही कळत नाही. काय काय निघतं आतून! नाणी, चाव्या, कंगवे. एका बाईंच्या घरी तर आख्खा चष्मा निघाला."

"बाईंच्या..."

"त्या वर्षभर शोधत होत्या."

मला दरदरून घाम फुटला, पण कौतुकाने! "आणि नंतर सगळं ठीक राहतं?"

"माझ्या हाताखालून गेलेल्याची आजवर तक्रार नाही."

मी पुढचे प्रश्न खोडून टाकले. आता फक्त कामाचं बोलायचं. "सर, परीक्षेला थोडेच महिने राहिलेत. तोवर तयार होईल?"

परीक्षा कसली, हे बहुधा त्यांना कळलं नसावं. पण 'महिने' ऐकून ते एकदम उखडले. "महिने? काय बोलताय साहेब! आठवड्यात उभा करतो. मात्र इथे नाही जमायचं. माझ्याकडे न्यावा लागेल."

"तुमच्याकडे जागा आहे?"

"स्वतःची शेड आहे."

म्हणजे जागेचा प्रश्नही सुटला! "तिथे पद्धत काय असते तुमची?"

"पहिले दोन दिवस सगळं काढून उन्हात टाकतो."

"उन्हात?"

"ओल गेली पाहिजे. सवयीची ओल असते आत. मग ठोकाठोक."

"ठोकाठोक हवीच!" मी टेबलावर मूठ आपटली. "आजकाल कोणी करत नाही. लाडावून ठेवलेत सगळे!"

"पण साहेब, एक आधीच सांगतो," सर उठले. "एकदा नेला की तुमचा संबंध संपला. लोक नंतर बघायला येतात. हात फिरवतात, डोळे पुसतात. मला ते चालत नाही."

"अगदी बरोबर! पालकांनी ढवळाढवळ करूच नये."

"मग दोन माणसं घेऊन येतो. उचलून नेतो."

"दोन माणसं? अहो, तो चालत येईल!"

सर एकदम गडगडून हसले. मीही हसलो. हा माणूस विनोदही समजून घेतो, मी मनात नोंद केली.

"दारात अडकतात हो," डोळे पुसत ते म्हणाले. "अगदीच अडला तर पाय काढावे लागतात." आणि जिना उतरून गेले.

मी एवढा खूश झालो, की आरशासमोर उभा राहून स्वतःशी हस्तांदोलन केलं. ते जमत नाही. पण प्रयत्न केला.

आता उरला सोफावाला. दुपार होत आली तेव्हा पुन्हा बेल वाजली. दारात एक काडी उभी होती. म्हणजे माणूसच, पण काडी. धुऊन धुऊन रंग गेलेला शर्ट, आणि खांद्याच्या झोळीतून डोकावणाऱ्या कापडाच्या गुंडाळ्या. अस्तराचं कापड, मी लगेच ओळखलं.

"बसण्याची सोय बघायला आलो होतो," काडी हळू आवाजात म्हणाली.

"ही काय!" मी सोफा दाखवला. जास्त बोलायचं नव्हतं.

तो सोफ्याच्या कडेला टेकला, जणू सोफ्याला दुखेल. "छान आहे. पण माझी मुलं बरीच आहेत."

"किती?"

"सध्या आठ. आणखी एक येईल असं दिसतंय."

मी त्याच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. खाली यायला फारसा वेळ लागला नाही. "सगळी तुमचीच?"

"आता माझीच म्हणायची," तो हसला. "आईवडील माझ्या हवाली करून मोकळे होतात. दरवर्षी नवी येतात. जुनी मार्गी लागतात, मग भेटत नाहीत फारशी."

अनाथाश्रम! बोलू नका असं बायकोने बजावलं होतं, पण मी काय दगड आहे?

"राहता कुठे सगळे?"

"होती एक खोली. मालकाने काढून घेतली. आता बागेत बसतो. ऊन आलं की झाडाखाली, झाडाखाली मुंग्या आल्या की पायऱ्यांवर."

मी नाक शिंकरलं. त्याने हॉलभर नजर फिरवली आणि अगदी भीत भीत म्हणाला, "इथे सगळी मावतील. फक्त हा सोफा मध्ये नसता तर..."

मला ऐकू आलं ते एवढंच: गरिबाला सोफा हवाय, पण मागायची लाज वाटतेय.

"न्या!" मी गरजलो.

"काय?"

"हा सोफा! एक पैसा नको. आत्ताच्या आत्ता उचलू! तुम्ही तिकडून धरा."

"मी?" त्याने आपल्या हातांकडे बघितलं. "आत्ताच?"

"मुलं वाट बघत असतील ना?"

"हो, मी त्यांना इथेच बोलावलंय."

इथेच! बिचारी सगळी मिळून उचलून नेणार होती! मी बाह्या सरसावल्या. त्या माणसाने झोळी गळ्यात अडकवली, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि सोफा धरला. पुढे त्याने सांगितलं, की त्याला वाटलं हॉल देण्याआधी हे पालक अंगमेहनत करून बघतायत. काही पालक विचित्र असतात, असं तो म्हणाला.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हो, मी कुठल्या कंपनीत आहे ते मला माहीत आहे. आठवण करून द्यायची गरज नाही.

दारातून सोफा उभा करून, चौकटीचा एक तुकडा सोबत घेऊन काढला. जिन्यावर त्याने जे अंग सोडलं, ते विचारू नका. तो माणूस खाली, उलट्या पावलांनी. मी वर.

"डावीकडे घ्या!"

"माझं डावं की तुमचं?"

"सोफ्याचं!"

मग एक दणका. मग भिंतीच्या पोपड्यांचा पाऊस. जिन्याच्या वळणावर सोफा वरच्या कठड्यापासून खालच्या भिंतीपर्यंत असा रुतला, की जणू इमारत त्याच्याभोवती बांधली होती. खाली जायला वाट नाही, वर यायला वाट नाही. आणि वळणाच्या तिकोनी कोपऱ्यात, सोफ्याच्या मागे, तो माणूस! सोफ्याच्या हातावरून त्याचा फक्त चष्मा दिसत होता.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही," चष्मा म्हणाला. "पण मला हलता येत नाहीये."

इतक्यात खालून जड पावलं वाजली. मिशीवाले सर, मागे दोन धिप्पाड माणसं.

"अहो साहेब! मी येईपर्यंत थांबायचं ना!"

"सर, माफ करा, जरा अडचण झालीय," मी वरून ओरडलो. "आणि चिरंजीव अजून परीक्षेहून आलेला नाही!"

"कोण चिरंजीव?"

"ज्याला न्यायला आलात तो!"

"मी याला न्यायला आलोय!" आणि मिशीवाल्यांनी सोफ्याच्या पोटावर थाप मारली.

ती थाप मला माझ्या पोटात लागली. सांगाडा. कातडी. उन्हात टाकणं. कंगवे आणि चष्मा! सकाळपासूनचं सगळं संभाषण माझ्या डोक्यात पहिल्यापासून पुन्हा वाजलं आणि या वेळी त्यातलं प्रत्येक वाक्य वेगळंच निघालं. मी अगदी हळू सोफ्यापलीकडच्या चष्म्याकडे वळलो.

"मग आपण?"

"मी जीवशास्त्र शिकवतो," चष्मा म्हणाला. "मुलं मला पेशीसर म्हणतात."

जे पहिलं सुचलं ते मी तसंच तोंडातून जाऊ दिलं. मी म्हणालो, "म्हणजे ती आठ मुलं तुमची नाहीत!"

ती आठ मुलं त्याच क्षणी खालून आली. त्यांच्याबरोबर आमचे चिरंजीव. सराव परीक्षेहून परत येताना त्याने सगळ्यांना मोठ्या ऐटीत घरी आणलं होतं. पायऱ्यांवर ती पोरं चढत्या क्रमाने थांबली आणि सोफ्याच्या फटीतून आत बघू लागली.

"सर? तुम्ही तिथे काय करताय?"

"अडकलोय," सर म्हणाले.

चिरंजीवांनी वर माझ्याकडे बघितलं. मी कितीतरी उमेदवारांना नकार दिलाय, पण असा चेहरा कुणाचा बघितला नव्हता. सतरा वर्षांचा पोरगा एकदम त्या खेळण्यातल्या अस्वलाएवढा लहान दिसला.

"बाबा," तो एवढंच म्हणाला.

त्याच्या मागून, जेवणाच्या सुट्टीत घरी निघालेली बायको आली. दुकानाचा पांढरा कोट तसाच अंगावर. तिने सोफा बघितला, पोपडे बघितले, मिशीवाले बघितले, फटीतला चष्मा बघितला.

"मी फक्त सांगितलं होतं, बोलू नका," ती म्हणाली.

मिशीवाल्यांनी सोफ्याची पाहणी केली आणि निदान सांगितलं. ओढला तर भिंत येईल. पाय काढावे लागतील. पण पायांचे स्क्रू सरांच्या बाजूला. फटीतून स्क्रूड्रायव्हर आत सरकवण्यात आला. बराच वेळ आतून खुडबुड झाली.

"हा स्क्रू फिरतो, पण निघत नाही," आतून आवाज आला.

"उलटा फिरवताय!" मिशीवाले ओरडले.

"मी स्वतःच तिरका आहे हो! उलटं कुठलं ते कळत नाहीये!"

खालच्या मजल्यावरचे वकील बाहेर आले. बनियनवर होते, पण आवाज कोर्टातलाच. "जिना ही सामायिक वाट आहे! आणि आत माणूस आहे! ही डांबून ठेवल्याची केस होते, कळतंय का?"

"मी तक्रार करणार नाही," आतून सर म्हणाले. "पण मुलं आली आहेत. वेळ कशाला फुकट घालवायचा? आज आपलं अभिसरण राहिलं होतं. बसा पायऱ्यांवर."

आणि देवाशपथ सांगतो, ती पोरं बसली! चिरंजीवही बसले. वकील उभेच राहिले.

"मुळात पेशी घ्या," सोफ्यामागून आवाज सुरू झाला. आणि तो हळू, भित्रा आवाज राहिलाच नाही! एकदम घुमायला लागला. कोपऱ्यामुळे असेल, पण मला नाही वाटत. "पेशीला अन्न हवं, हवा हवी. ते कोण आणतं? रक्त. कुठून? आता हा जिना धमनी समजा. हा सोफा म्हणजे गुठळी. काय झालं?"

"वाट बंद!" पोरं म्हणाली.

"वर ते गृहस्थ उभे आहेत, दिसतायत? ते रक्त. पुढे येता येत नाही, मागे फिरत नाहीत. नुसता दाब वाढवतायत."

आठ जणांनी माझ्याकडे बघून वह्यांत लिहून घेतलं. मी उगाच पोट आत घेतलं.

"मग गुठळीच्या पलीकडे काय होतं?"

"तो भाग उपाशी राहतो!" हे आमचे चिरंजीव! पहिल्यांदाच न अडखळता!

"बरोबर! उपाशी राहतो. मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

बायकोने पर्समधून बिस्किटं काढली आणि फटीतून एकेक करून आत सरकवली.

"हा कडेकडेने झालेला पुरवठा!" तोंडात बिस्किट असतानाही सर थांबले नाहीत. "मोठी वाट बंद झाली की शरीर बारीक वाटा शोधतं. बाईंना धन्यवाद."

"पण सर," वकिलांनी हात वर केला. कधी पायरीवर बसले, कळलंच नाही. "माझी एक धमनी अशी अर्धी बुजलीय म्हणतात. अर्ध्या सोफ्यात माणूस किती वर्षं काढतो?"

मिशीवाले आणि त्यांची दोन्ही माणसं गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होती. मध्येच मिशीवाल्यांनी करवत काढली.

"धडा संपेपर्यंत थांबता का जरा?" सर म्हणाले. "झडपा राहिल्यात."

झडपा संपल्या तेव्हा माझे पाय बधिर झाले होते आणि चिरंजीव हृदयाचे चारही कप्पे हवेत काढून दाखवत होते. मग मिशीवाल्यांनी सोफ्याचं पोट फाडलं. खोटं बोलले नव्हते. आतून एक कंगवा निघाला, घरात नसलेल्या टीव्हीचा रिमोट निघाला, आणि कुणाचा तरी मोजा. मग कातडी उतरली, सांगाड्याचे चार तुकडे झाले, आणि मधून पेशीसर बाहेर आले. अंगभर कापूस. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी वरून पळत खाली आलो. "सर, मी... म्हणजे मला वाटलं, की आपण सोफा..."

"मला तुमचा हॉल आवडला," सर कपडे झटकत म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते, बायकोशी बोलत होते. "मुलगाही आवडला. उद्यापासून येतो. एकच अट आहे."

"मान्य!" बायको म्हणाली.

"अगं, अट तरी ऐक!"

"मान्य," ती पुन्हा म्हणाली.

अट अशी होती, की तास चालू असताना घरात मुलाचे वडील नसावेत.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हॉलमध्ये नऊ पोरं बसतात. भिंतीवर सरांच्या कापडी आकृत्या टांगलेल्या असतात. यकृत यकृताच्या जागी आणि प्लीहा पायातून निघून पोटात परत गेली आहे, असं चिरंजीव सांगतात. सरावाचे गुण चांगले येतायत. परीक्षा जवळ आली, पण घरात कुणाचा आवाज कापत नाही. मीही शब्दाला जागतो. कंपनीतून सुटलो की घरी न जाता समोरच्या इमारतीतल्या दंतवैद्यांच्या प्रतीक्षागृहात बसतो. खुर्च्या मऊ आहेत, पंखा चांगला आहे, मासिकं जुनी असली तरी भरपूर आहेत. हे सगळं तिथे बसूनच लिहिलं. काउंटरवरच्या बाई रोज हसून विचारायच्या, "आज तरी आत येताय ना?" आणि मी रोज म्हणायचो, "आज नको, उद्या बघू."

परवा मात्र डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि त्यांनी प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, इतके दिवस घाबरून बाहेर बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. इतके दिवस त्यांचा पंखा वापरल्यावर नाही म्हणणं बरं दिसेना. माझी एक दाढ काढली त्यांनी.

चांगली होती हो.